ड्रॉवरमधली डबी

मागच्या लेखात आपण तंबाखू, सुपारी आणि तोंड न उघडण्याचा आजार यांची माहिती घेतली. आजही विषय तोच आहे, पण हा लेख नेहमीसारखा नाही. यात माहिती थोडी आहे आणि कबुली जास्त. लिहू की नको या विचारात दोन वर्षं गेली. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्यानेच परवा विचारलं, "डॉक्टर, सगळ्यांचं लिवता, स्वतःचं कवा लिवणार?" म्हणून लिहितो आहे. त्याचं नाव मात्र लिहिणार नाही.

२०१४ चा पावसाळा होता. पंचगंगेला पाणी चढलेलं, दवाखान्यात सर्दी-तापाची गर्दी. त्या गर्दीत हा आला. वय चाळिशीच्या आसपास, यंत्रमागावर कामाला, गळ्यात तुळशीची माळ. तक्रार अशी की तिखट अजिबात सोसत नाही आणि भाकरीचा घास तोंडात जात नाही. मी त्याला आ करायला सांगितलं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याची दीडच मावत होती. गालाची आतली बाजू पांढुरकी पडलेली, हाताला दोरीसारखे पट्टे लागत होते. मोजपट्टीने मोजलं, २२ मिलिमीटर. मी त्याला नेहमीचं सगळं ऐकवलं. मावा आजपासून बंद, सुपारीसुद्धा बंद, नाहीतर कॅन्सर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"डॉक्टर, खरं सांगा, तुमी कवा खाल्लीया का?"

मी म्हणालो, "छे! कधीच नाही."

"मग तुमास्नी काय कळणार त्यातलं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. चिठ्ठी घेऊन तो गेला आणि पुढचे सात-आठ महिने आला नाही.

तो दाराबाहेर पडला तेव्हा माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, तंबाखू होती आणि शेजारी चुन्याची ट्यूब. पुढचा पेशंट आत यायच्या आधी मी उठून आतल्या खोलीत गेलो, चिमूटभर मळली आणि दाढेखाली ठेवली. हात थरथरत होते. खोटं बोललो म्हणून, की तल्लफ आली होती म्हणून, हे तेव्हा कळलं नाही.

माझी सवय इंटर्नशिपमधली. रात्रपाळीत झोप यायची. कुणीतरी म्हणालं, जिभेखाली ठेव, डोळा लागणार नाही. खरंच लागला नाही. ती रात्रपाळी वर्षभरात संपली, तंबाखू सतरा-अठरा वर्षं राहिली. मी बाहेर कुठे टपरीवर उभा राहिलो नाही. गावात माझं तोंड ओळखीचं, म्हणून पुडी आणायचो ती शेजारच्या गावातून, गाडीत पेट्रोल भरायच्या निमित्ताने. घरी बायकोला माहीत नव्हतं. दवाखान्यात लवंग आणि बडीशेप ठेवलेली असायची. लोक म्हणायचे, डॉक्टरांना लवंगेची फार आवड.

आता थोडं या गावाबद्दल. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. त्यातून पुढे अख्खं शहर मागांवर उभं राहिलं. माग दिवसरात्र चालतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि खडखडाट इतका की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. खात्यात विडी ओढता येत नाही. सुताचा कापूस हवेत उडत असतो, एक ठिणगी पुरते. दोन्ही हात कामात गुंतलेले. अशा जागी तोंडात ठेवायची वस्तू सोयीची पडते. निपाणीचा तंबाखूपट्टा इथून जवळ, तेव्हा मालाचीही कमतरता नाही. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी मिळायची थांबली नाही. राज्यातल्या प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा न जाळता खायची तंबाखू वापरतो, असं २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं. आमच्या मागांच्या भागात फिरलं की तो आकडा मला कमीच वाटतो, पण हा माझा अंदाज. पाहणी माझ्यापेक्षा खरी.

कामगारांना मी दोष देत नव्हतो, त्यांची अडचण मला दिसत होती. माझी अडचण काय होती? मी पंख्याखाली खुर्चीत बसत होतो.

एक गोष्ट पेशंटना सांगायची राहून जाते, ती इथे सांगतो. तंबाखूमुळे शांत वाटतं असं खाणारा प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणायचो. यात काय घडतं ते बघा. चुन्यामुळे तोंडातली लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात शिरतं. ते मेंदूत पोचून डोपामिन सुटतं, बरं वाटतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड सुरू होते, लक्ष लागत नाही, हात चाळवतात. पुन्हा चिमूट घेतली की हे थांबतं आणि आपल्याला वाटतं, बघा, तंबाखूने शांत केलं. ती अस्वस्थता आधीच्याच चिमटीने आणलेली असते. सकाळी घराला आग लावायची आणि संध्याकाळी विझवल्याचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा आहे. मी या शांततेवर सतरा वर्षं विश्वास ठेवला. एमबीबीएस शिकलेला माणूस.

त्या दिवसानंतर रात्री झोप नीट लागेना. 'कधीच नाही' हे माझेच दोन शब्द आठवायचे. सवय लपवत होतोच, पण तोपर्यंत कुणी तोंडावर विचारलं नव्हतं, त्यामुळे तोंडावर खोटं बोलायची वेळ आली नव्हती. कोलंबिया विद्यापीठातले मायकल स्लेपियन यांनी २०१७ मध्ये गुपितांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्यापासून गुपित लपवण्याचे प्रसंग तसे कमी येतात, पण एकटं असताना मन पुन्हापुन्हा त्याच्याकडे जातं, आणि माणसाला त्रास होतो तो मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा, असं त्यांना दिसलं. मी तो बऱ्याच नंतर वाचला आणि माझ्या रात्रींचा हिशेब लागला. खोटं बोललं की बीपी वाढतो किंवा आयुष्य कमी होतं, असं काही मी सांगणार नाही, तसा दावा करायला माझ्याकडे पुरावा नाही. झोप गेली होती एवढं खरं.

पुढच्या फेब्रुवारीत दाढी करताना डाव्या गालात जिभेला खरखरीत लागलं. टॉर्च घेऊन आरशात पाहिलं. रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा. बोटाला कापड गुंडाळून पुसला, पुसला जात नव्हता. पुसून न जाणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया असू शकतो आणि त्याचा तुकडा काढून तपासायला हवा, हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत होतो. स्वतःसाठी मात्र पाच आठवडे गप्प बसलो. गावातल्या दंतवैद्याकडे गेलो तर त्याला कळेल. सांगलीला किंवा कोल्हापूरला गेलो तर तिथे बॅचमेट आहेत. आजाराची भीती होती, पण त्याहून जास्त भीती उघडं पडण्याची होती. पेशंट उशिरा का येतात यावर मी भाषणं केली आहेत. उत्तर मला त्या पाच आठवड्यांत मिळालं.

याच काळात मी स्वतःशी काय काय बोललो त्याची यादी केली तर हसू येईल. मी सुपारी खात नाही, नुसती तंबाखू खातो. मी गिळत नाही. मी फक्त तीनदा खातो. अमुक डॉक्टर तर सिगारेट ओढतात. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५७ च्या आपल्या पुस्तकात नेमकं याच प्रकारच्या माणसाचं उदाहरण घेतलं आहे: सिगारेट घातक आहे हे माहीत असूनही ओढणारा. आपलं ज्ञान आणि आपलं वागणं जुळत नसलं की मनाला टोचतं. मग वागणं बदलण्यापेक्षा ज्ञानाला मुरड घालणं सोपं पडतं. आपल्याकडे षड्रिपूंमध्ये मोह मोजला आहे तो उगाच नाही. मोह म्हटलं की आपल्याला कुणीतरी बाहेरून बोलावतं असं वाटतं. माझा मोह तर माझ्याच आवाजात, चांगल्या मराठीत, अधूनमधून वैद्यकीय शब्द वापरून बोलत होता.

इथे वडिलांबद्दल लिहायला हवं. ते जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे. शिक्षण चौथी. माळकरी. एक सवय होती त्यांची. रात्री देवापुढे दिवा लावला की हात जोडून ते अभंग वगैरे म्हणत नसत, दिवसाचा हिशेब सांगत. अगदी मीटरच्या हिशेबासारखा, मोठ्याने. आज पोराला उगाच मारलं. आज शेजाऱ्याबद्दल वाकडं बोललो. आज मालकाला खोटं सांगितलं, पट्टा मीच तोडला होता. आम्ही भावंडं पांघरुणात तोंड घालून हसायचो. आई रागवायची. त्यांनी कधी देवाजवळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. हिशेब सांगून झाला की लगेच झोपायचे, आणि घोरायचे. त्या खडखडाटातसुद्धा.

मार्चमध्ये एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर तारीख घातली आणि दिवसभरात किती वेळा खाल्ली ते लिहायला बसलो. तीन लिहायचं म्हणून पेन टेकवलं. मग एकेक आठवत गेलो. उठल्यावर संडासात. दवाखाना उघडण्याआधी. अकराच्या चहानंतर. असं करत अकरा झाले. तीन आणि अकरा. मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो होतो. देवावर माझी श्रद्धा वडिलांइतकी नाही, आणि समोर दिवा नव्हता, टेबललॅम्प होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक खरा आकडा कुठेतरी उमटला होता. त्या रात्री झोप लागली, हे सांगितलं तर लिखाण गोड होईल. लागली नाही. सकाळी सहाला उठून बायकोला सांगितलं.

ती काही बोलली नाही. दोन दिवस काहीच बोलली नाही. जेवण वाढायची, डबा द्यायची, आणि गप्प. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन आली आणि म्हणाली, "आ करा." तिने चट्टा पाहिला. मग म्हणाली, "तंबाखूचं जाऊ दे. सतरा वर्षं रोज माझ्याकडे बघून लवंग चावत होतात, त्याचं काय करू मी?" याला उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर तुकडा काढायला आली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. पेशीत कॅन्सरकडे जाणारे बदल नव्हते. मी सुटलो. माझ्याइतकीच खाल्लेले किती जण सुटत नाहीत ते मी इथे बसून पाहत असतो, म्हणून याला मी पुण्याई म्हणत नाही.

अमेरिकेतल्या ॲक्रन गावचे डॉ. बॉब स्मिथ यांची गोष्ट मला याच सुमारास कळली. ते सर्जन होते आणि पक्के दारुडे. १९३५ मध्ये त्यांची बिल विल्सन या दुसऱ्या दारुड्याशी गाठ पडली. त्या दोघांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. १० जून १९३५ ला डॉ. बॉब यांचं एक ऑपरेशन ठरलं होतं आणि हात तर कापत होते, म्हणून बिलने त्यांना बिअर पाजली. ती शेवटची. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर कित्येक तास गायब. घरच्यांना वाटलं, गेले पुन्हा गुत्त्यावर. ते गेले होते ज्यांचे पैसे बुडवले, ज्यांना टाळलं, त्या लोकांची दारं ठोठवायला. रात्री परतले. पुढे १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत प्यायले नाहीत. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनी माणसाला गटात बसून स्वतःबद्दल बोलतं करण्यावर भर असतो. औषध लागतंच. पण लपवलेल्या व्यसनावर औषध चालत नाही. डोस कुठल्या आकड्यावर ठरवणार? तीन की अकरा?

माझा डोस अकरावर ठरला. निकोटिनच्या च्युइंग गम घेतल्या, आधी चार मिलिग्रॅमच्या, मग दोनच्या. एक सूचना: ही गोळी चिंगमसारखी चघळत सुटायची नसते. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची, मग पुन्हा चावायची. नाहीतर उचकी आणि पोटात जळजळ होते. पहिले तीन दिवस सर्वात वाईट, हे पुस्तकात आहे आणि खरं आहे. मी एका म्हाताऱ्या आजीवर ओरडलो. नंतर माफी मागितली. एकेक तल्लफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणं, लांब श्वास घेणं, उठून चालणं एवढंच करायचं असतं. ही पाच मिनिटं फार लांब असतात हे पुस्तकात नाही. पहाटे मी घाटावर जाऊन बसायचो. वरदविनायकाच्या घंटा, नदीवरचं धुकं, आणि पाण्याचा वासही, जो चांगला नसतो. २०१२ च्या काविळीच्या साथीनंतर या पाण्याकडे मी कधीच निव्वळ भक्तिभावाने पाहू शकलो नाही. तरी तिथे बसून बरं वाटायचं. रात्री पॅडवर आकडा लिहायचो. अकरा, सात, शून्य, शून्य, शून्य.

दिवाळीच्या तोंडावर एक तरुण पेशंट दगावला. त्या रात्री परत येताना गाडी आपोआप त्या शेजारच्या गावाकडे वळली. खाल्ली. घरी येऊन पॅडवर 'एक' लिहिलं आणि कागद बायकोच्या उशाशी ठेवला. ती जागी होती. "उद्या?" एवढंच विचारलं तिने. दुसऱ्या दिवशी शून्य. त्या 'एक'चं मला फार वाईट वाटलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं. पूर्वी असा 'एक' मी लपवला असता आणि आठवडाभरात पुन्हा अकरावर गेलो असतो.

मधल्या काळात तो माळवाला पेशंटही परत आला होता. शून्याच्या दिवसांतच. गर्दी नव्हती. मी त्याला बसवलं आणि सांगितलं, मी तुला खोटं सांगितलं होतं. मी खात होतो. डबी ड्रॉवरमध्ये होती.

तो खदखदून हसला, म्हणजे तोंड जेवढं उघडत होतं तेवढं. "म्हाईत हुतं की! लवंगेनं वास जातोय व्हय? सगळ्या लाइनीला म्हाईत हाय."

मी पार ओशाळलो. इतकी वर्षं मी एकट्यापासूनच लपवत होतो, तर.

"मग विचारलंत कशाला?" मी म्हणालो.

"बगत हुतो. तुमी हो म्हणाला असता तर म्या बी सांगणार हुतो माझं." मग त्याने सांगितलं. माळ घातली तेव्हा मटण सोडलं, दारू सोडली, पण मावा सुटला नव्हता. दिंडीत कुणी बघू नये म्हणून रात्री राहुटीमागे जाऊन खायचा. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवताना गालात पुडी होती. ते त्याला सहन होत नव्हतं, आणि कुणाला सांगवतही नव्हतं. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टेबलावरचा पॅड त्याच्याकडे सरकवला. लिहिता येत होतं त्याला, पण म्हणाला, तुमीच लिवा. किती, असं विचारलं. तो म्हणाला चार. मी वर पाहिलं. "चौदा," तो म्हणाला.

त्याला सुटायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण सुपारीचंही व्यसन लागतं आणि रात्रपाळी सुटत नव्हती. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. नुसती सुपारी चालते का, असं विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. गालातले पट्टे पूर्ण जात नाहीत. तोंडाचे व्यायाम आणि उपचार करून जेवढं उघडेल तेवढं. ज्यांना दवाखान्यात येऊन बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी तंबाखूच्या पुडीवरच सरकारी मोफत नंबर छापलेला असतो, १८०० ११ २३५६. नाव न सांगता बोलता येतं. आणि तुम्ही माझ्याकडे आलात तर आधी आकडा विचारीन. तुम्ही सांगाल त्याला मी थोडा वेळ थांबून बघेन, एवढं लक्षात असू द्या.

तो गेल्या आठवड्यात तपासणीला आला होता. आत येऊन बसायच्या आधी, नेहमीप्रमाणे, त्याने मला खालचा ड्रॉवर उघडायला लावला. वाकून पाहिलं. आत टॉर्च, मोजपट्टी आणि लिहून संपलेले पॅड. "बरं," म्हणाला, खुर्चीत बसला आणि आ केला. सत्तावीस मिलिमीटर.